फाटकवाल्याची बायको

१६ फेब्रुवारी

आज अभ्यासकेंद्रात जाऊन आलो. हिच्या नावाचं पत्र आलं होतं: ‘आपला चौथा निबंध अद्याप जमा झालेला नाही.’ म्हटलं, स्वतः जाऊन सांगावं की आता तो व्हायचा नाही. गेल्या वीस दिवसांत हे मी बँकेत सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, हिच्या चष्मेवाल्याला सांगितलं. आता तोंडपाठ झालंय. ‘ती वारली. सत्तावीस जानेवारीला.’ समोरचा माणूस मान खाली घालतो आणि एक फॉर्म पुढे करतो.

इथे फॉर्म नव्हता. हिला कथा-कविता शिकवणाऱ्या मॅडम होत्या. आमच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, “त्यांचा निबंध या वर्षीचा सगळ्यात चांगला झाला असता. आराखड्यापर्यंत आल्या होत्या.”

मी विचारलं, “कसला आराखडा?”

लग्नाला एकतीस वर्षं झाली. राहिलेली पदवी पुरी करायची म्हणून ही दीड वर्षं दर शनिवारी या केंद्रात येत होती. काय शिकवतात ते मी कधी विचारलं नाही. शनिवारी मी कामावर असतो. ऑफिसं बंद असतात, त्यामुळे लिफ्टची मोठी दुरुस्ती त्याच दिवशी निघते.

मॅडमनी समजावलं. एका कथेवर निबंध लिहायचा. कथेत काय घडलं ते परत सांगायचं नाही, ते तसं का लिहिलंय ते शोधायचं. आणि लिहायच्या आधी तयारी, टप्प्याटप्प्याने. हिची तयारी पुष्कळ झाली होती. फक्त लिहायचं राहिलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “मी लिहिला तर चालेल?”

“त्यांच्या नावावर जमा नाही करता येणार.”

“नावावर नको. पुरा व्हावा म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सूचनांचा कागद दिला. वर पेनने लिहिलं, ‘रोज चार ओळी काहीही लिहा. हात सुटतो.’ म्हणून ही वही. आजवर मी लिहिलं ते फक्त लिफ्टच्या नोंदवहीत. तारीख, बिघाड, काय केलं, सही.

१७ फेब्रुवारी

हिची तयारी एका बुटाच्या खोक्यात सापडली. जुन्या कॅलेंडरची पानं कापून कार्डं केलेली, कोऱ्या बाजूला लिहिलेलं. प्रत्येकावर कथेतल्या पानाचा नंबर आणि कोपऱ्यात तारीख. तारीख टाकायची हिला सवयच होती, गॅसच्या सिलिंडरपासून औषधाच्या बाटलीपर्यंत. एकूण एकेचाळीस कार्डं, आणि तळाशी कथेची हिची प्रत. अजून वाचली नाहीत. अक्षर बघितलं आणि खोकं बंद केलं.

सूचना पहिली: कथा तीन वेळा वाचा. पहिल्यांदा नुसती वाचा.

१९ फेब्रुवारी

नुसती वाचली, डबा खाताना, मशीनरूममध्ये बसून. चौदा पानं.

रेल्वेचं एक फाटक आहे, वस्तीपासून लांब. तिथे फाटकवाला आणि त्याची बायको राहतात. माणूस सरळ आहे, पीत नाही, हात उचलत नाही, कामात चोख. वर्षभरात बायकोला हळूहळू ऐकू येईनासं होतं. ती सांगत नाही. त्याला कळत नाही. शेवटी फाटक रंगवायला एक रंगारी येतो आणि एका दिवसात ओळखतो. विचारतो, “बाईंना किती दिवसांपासून ऐकू येत नाही?” फाटकवाला म्हणतो, “कोणाला?” मग तो आत जातो, बायको पाठमोरी असते, तिला तो नावाने हाक मारतो. कथेत पहिल्यांदाच. ती वळत नाही. संपली कथा.

हे काय झालं? असं कुठे संपवतात का?

२२ फेब्रुवारी

रविवार. दुसरं वाचन, हातात पेन्सिल. खटकलेल्या जागांवर खूण करायची होती. मला चार जागा खटकल्या आणि चारही ठिकाणी बायकोचा राग आला. पान पाचवर तिला भाजतं, आणि तो घरात असूनही ती त्याला सांगत नाही. अरे, सांग ना. तोंड आहे ना तुला.

मग हिची कार्डं काढली. पहिलं नऊ ऑगस्टचं:

‘पान ४. ती पाठमोरी असताना तो काहीतरी म्हणतो. ती वळत नाही. तो पुन्हा म्हणत नाही. (का? राग आलाय असं वाटून? की उत्तर नकोच होतं?)’

दुसरं: ‘पान ६. त्यांच्यात बोलणं नाही असं नाही. पण सगळी वाक्यं सांगायची आहेत. जेवण वाढ. गाडी उशिरा आहे. उद्या पाऊस येईल. प्रश्नचिन्ह एकही नाही. मोजलं.’

मी पण मोजलं. खरंच नाही. चौदा पानांत पहिलं प्रश्नचिन्ह रंगाऱ्याचं.

हुशार होती. मला माहीतच होतं तसं.

१ मार्च

तिसरं वाचन. त्यात पान सातवर अडकलो. बायको खिडकीत पाण्याची वाटी भरून ठेवते. गाडी लांब असतानाच पाणी थरथरतं, त्यावरून तिला गाडीचं कळतं. फाटकवाला रोज ती वाटी रिकामी करून पुसून जागेवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरते.

मला हे आवडलं. बाईच्या हाताखालचं एक काम कमी करतो बिचारा, न सांगता. मीही केलं असतं. हिचं कार्ड मात्र असं: ‘पान ७. वाटी. तिला जे कानाच्या जागी आहे ते त्याला पसारा वाटतं. रोज आवरतो. प्रेमानेच आवरतो, हे महत्त्वाचं.’

प्रेमानेच, असं तिनेही लिहिलंय म्हणजे फाटकवाला वाईट नाही हे तिलाही पटलं होतं.

यावरून आठवलं. मागच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिने माझ्या कामात एकदम रस घेतला होता. एकदा विचारलं, “लिफ्ट चालू असताना आतून खराब व्हायला लागली, तर बाहेरून कळतं का?” मी छान समजावून सांगितलं. लिफ्टच्या पोलादी दोराच्या तारा आतून एकेक तुटत जातात, वर ग्रीस असतं, डोळ्यांना दिसत नाही. फडकं धरून दोरावरून फिरवायचं, तुटलेली तार असेल तर फडक्याला अडकते.

“म्हणजे हात लावल्याशिवाय कळत नाही,” ही म्हणाली.

“नाही कळत.”

मग मी तिला दोर कसा बदलतात तेही सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन. तिने सगळं ऐकून घेतलं. एकतीस वर्षांत इतकं निवांत बोलणं क्वचितच झालं असेल आमचं.

५ मार्च

सूचना चौथी: आपलं मुख्य विधान एका वाक्यात लिहा. तीन दिवस लागले. माझं विधान:

‘फाटकवाला चांगला माणूस आहे, चूक बायकोची आहे, कारण तिने वेळेवर सांगितलं नाही.’

वाचून बरं वाटलं. लिफ्टची तक्रारच आली नाही तर मेकॅनिकला कसं कळणार?

८ मार्च

लेक आली होती. ती दोन तासांवरच्या शहरात विमा कंपनीत असते, एक रविवार सोडून येते. तिला कार्डं दाखवली, विधान वाचून दाखवलं. म्हटलं, कसं वाटतंय?

ती म्हणाली, “बाबा, हे राहू द्या ना. कशाला करताय?”

“अगं, आईचं काम आहे. पुरं नको व्हायला? आणि बघ ना, ही बाई साधं एक वाक्य बोलली असती तर कथाच झाली नसती.”

ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन कप धुवायला लागली. मी सकाळीच धुऊन ठेवले होते, तेच. तिला वाचनाची आवड नाही, पहिल्यापासून. आईवर गेली नाही.

जाताना दारात थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. म्हणाली, “गोळ्या घेता ना वेळेवर?” घेतो म्हटलं.

१४ मार्च

शनिवार असून रजा टाकली. कामावरचा जोडीदार बघतच राहिला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत शनिवारची रजा मी हिच्या दवाखान्यासाठी एकदाच घेतली होती, तीही जानेवारीत.

मॅडमनी माझं विधान वाचलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, “विधान जोरदार आहे. आधार काय?”

मी म्हटलं, “आधार कशाला? उघड आहे. माणसाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कसं कळेल?”

“ते तुमचं मत झालं. आधार कथेतलाच पाहिजे. तुमच्या आयुष्यातला चालणार नाही, माझ्या आयुष्यातलाही नाही.”

मग त्यांनी कपाटातून एक कागद काढला. हिने नोव्हेंबरमध्ये दोनदा तपासायला दिलेला, दुसऱ्यांदा परत न्यायचा राहिलेला. त्यावर तीन विधानं होती.

‘नवरा बेफिकीर आहे.’ हे खोडलेलं. बाजूला, ‘सोपं झालं.’

‘ती घाबरते.’ हेही खोडलेलं. ‘कोणाला? तो काही करणार नाही.’

तिसरं ठेवलेलं: ‘सगळे विचारतात, त्याला कळलं कसं नाही. खरा प्रश्न, तिने सांगितलं का नाही. कारण सांगितलेलं आणि विचारलेलं यात फरक असतो, आणि तिला विचारलेलं हवं आहे.’

खाली मॅडमचा लाल शेरा: ‘उत्तम. विचारलेलं म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट करा.’ त्याखाली हिची पेन्सिल: ‘विचारून थांबणे.’

बसस्टॉपवर कागद चार वेळा वाचला. ही एवढं कुठून शिकली? मॅडम चांगल्या शिकवत असणार.

१९ मार्च

फाटकवाल्याच्या बाजूचे आधार शोधतोय. तीन मिळाले. पान ३: तिच्यासाठी पाणी भरून आणतो. पान ७: वाटी. पान १०: थंडीत तिच्या अंगावर पांघरूण घालतो. तिन्ही नवीन कार्डांवर उतरवले, तारखेसकट.

२० मार्च

काही नाही. सातव्या मजल्यावर दोघं अडकले होते, वीस मिनिटांत काढले.

२१ मार्च

सूचना सहावी: कार्डं जमिनीवर मांडा, सारखी सारखी एकत्र करा. मांडली. एक कार्ड उलटं पडलं. मागच्या बाजूला, कॅलेंडरच्या तारखांवरच, बारीक अक्षरात: ‘१४ ऑक्टो. ११ वाजता. उपाशीपोटी.’

हे निबंधाचं नाही. शेजारच्या आजींना तपासणीला ही घेऊन जायची, त्याचं असणार. ते कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात बसेना. बाजूला ठेवलं.

२२ मार्च

आजी दारात भेटल्या. सहज विचारलं, ऑक्टोबरमध्ये हिच्याबरोबर तपासणीला गेला होतात ना? त्या म्हणाल्या, “ऑक्टोबरमध्ये मी मुलाकडे होते. दोन महिने. तुम्हाला आठवत नाही? किल्ली तुमच्याकडे तर होती.”

लेक आज येणार होती. काम आहे म्हणाली.

२३ मार्च

सकाळी कामावर जायच्या आधी हिची दवाखान्याची फाइल काढली. दवाखान्यातून घरी आल्यापासून कपाटात होती. मी कधी उघडली नव्हती. सगळे कागद लेकच बघायची. मला हिचा आजार कळला तो बारा डिसेंबरला. लेकीनेच बसवून सांगितलं, ही शेजारी बसली होती. सगळं अचानक झालं, असं मी सगळ्यांना सांगतो. सहा आठवड्यांत संपलं.

मॅडमनी शिकवलं तसंच वाचलं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तारखा खाली उतरवल्या.

पहिली तपासणी: चौदा ऑक्टोबर. निदान: वीस ऑक्टोबर. सोबत आलेली व्यक्ती: मुलगी. आणि सगळ्यात वर, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, ‘दुखणं ऑगस्टपासून.’

पहिलं कार्ड नऊ ऑगस्टचं आहे.

कामावर गेलो नाही.

२४ मार्च

बसने लेकीच्या ऑफिसला गेलो, न कळवता. जिन्याखाली एक बाक आहे, तिथे बसलो दोघं. तिने माझ्या हातातली फाइल बघितली आणि तोंडातून शब्द निघायच्या आधीच तिचे डोळे भरले.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“दोन महिने?”

“हो, बाबा.”

“आणि माझ्यापासून लपवलंत. दोघींनी.”

ती म्हणाली, “लपवलं नाही. आई म्हणाली, हे विचारतील तेव्हा सांगीन. मी म्हटलं, आई, बाबा नाही विचारणार. ती म्हणाली, थांबू अजून थोडं.”

मी म्हटलं, “मी विचारलं होतं. मला आठवतंय. मी विचारलं होतं की बरी आहेस ना.”

“हो. आईने सांगितलं मला. तुम्ही बूट घालत होतात.”

लोक जिन्यावरून ये-जा करत होते. शेवटी एवढंच विचारलं, आधी कळलं असतं तर वाचली असती का. ती म्हणाली, नाही. डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं की फार काही हातात नाही. आईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली होती, मगच थांबायचं ठरवलं.

“मग डिसेंबरमध्ये का सांगितलं?”

“तिला चालवेना. मीच सांगितलं तुम्हाला. तिला विचारलंसुद्धा नाही.”

मी उठलो आणि बसस्टॉपकडे चालायला लागलो. तिने मागून हाक मारली. मी ऐकली. वळलो नाही.

३१ मार्च

आठवडाभर काही लिहिलं नाही. लेकीचा फोन येतो, मी उचलत नाही. कोणावर रागावलोय ते कळत नाही. हिच्यावर रागावायला जातो तर ती समोर नाही. लेकीवर रागावतो तर तिचे भरलेले डोळे आठवतात. मधले दोन महिने डोळ्यांसमोर येतात. मी रोज डबा घेऊन जात होतो. डबा ती भरत होती.

४ एप्रिल

आज लेकीला मीच फोन केला. म्हटलं, “त्या दिवशी वळायला पाहिजे होतं मी.” ती म्हणाली, “हो, पाहिजे होतं.” चुकलं नाही तिचं.

रात्री आराखडा करायला बसलो. आधी माझे तीन आधार तपासले. पाणी आणतो, वाटी आवरतो, पांघरूण घालतो. तिन्ही ठिकाणी तो काहीतरी करतोय. तिन्ही ठिकाणी तिच्याकडे बघत नाही. पान १० वर तर साफच लिहिलंय: ती जागी आहे. मी तीनदा वाचूनही ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. हिने त्याखाली रेघ मारली आहे.

फाटकवाल्याच्या बाजूने चौदा पानांत दुसरं काही नाही. खूप शोधलं. एक जरी जागा मिळाली असती तर मी तिच्यावर अख्खा निबंध उभा केला असता.

माझं विधान खोडलं.

५ एप्रिल

हिचं विधान वर लिहिलं, खाली आराखडा. पहिला परिच्छेद, नवरा-बायकोच्या बोलण्यात प्रश्नचिन्हं नाहीत. दुसरा, वाटी. तिसरा, पांघरूण. चौथा हिच्या कार्डांत नाही, माझा आहे: शेवटी तो हाक मारतो तेव्हाही तिच्या पाठीमागेच उभा असतो. चार पावलं चालून समोर गेला असता तर तिला त्याचे ओठ दिसले असते. लेखकाने त्याला तेवढं चालू दिलेलं नाही.

हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. तरी लिहिलं.

११ एप्रिल

निबंध लिहून झाला. साडेचार पानं. मॅडमनी माझ्यासमोरच वाचला. दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, चौथ्या परिच्छेदाजवळ पेन्सिलने उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे मला सुचलं नव्हतं. त्यांनाही सुचलं नव्हतं.”

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ना ऑक्टोबरचं, ना फाइलचं. आधार कथेतलाच पाहिजे म्हणाल्या होत्या, तो नियम मी शेवटपर्यंत पाळला.

मग त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं. “समारोप नाही केलात?”

“जमला नाही.”

त्यांनी निबंध खाली ठेवला. “एक विचारू? तुम्हाला काय वाटतं, त्याने खरंच विचारलं असतं, विचारून थांबला असता, तर तिने सांगितलं असतं?”

विचारलं आणि त्या थांबल्या. घाई केली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर पुढच्या वर्गाची मुलं दारात उभी होती, त्यांनाही हाताने थांबवलं. मला एकदम समोरचं टेबल दिसेनासं झालं. हिने हे मागितलं होतं. एवढंच मागितलं होतं.

बऱ्याच वेळाने म्हणालो, “माहीत नाही.”

“मग तेच लिहा.”

तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, त्यांच्या पेनने शेवटचा परिच्छेद लिहिला. दोनच वाक्यं आहेत.

‘त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की नाही, हे या कथेवरून सांगता येत नाही. त्याने विचारलं नाही, एवढंच कथेत आहे.’